कातडीवरची रेघ
(वडोदऱ्यातील एका स्मृतिव्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



बोलायला लागण्याआधी एक काम सांगतो. डाव्या हाताची बाही कोपरापर्यंत वर सारा आणि उजव्या हाताच्या नखाने मनगटाकडून कोपराकडे एक रेघ ओढा. रक्त निघेल इतक्या जोराने नको, पाटीवर पेन्सिल ओढतो तितकाच जोर पुरे. आता बघत राहा. पंधरा-वीस सेकंदांत रेघेच्या जागी तांबूस पट्टी दिसेल. जरा वेळाने तिच्या दोन्ही अंगांना फिकट, वेड्यावाकड्या काठाची लाली पसरेल. आणि तुमच्यापैकी काहींच्या हातावर ती रेघच फुगून वर येईल, बोट फिरवलं तर हाताला लागेल अशी. बाही तशीच राहू द्या. या रेघेकडे मला शेवटी परत यायचं आहे.

लंडनच्या थॉमस लुईस या डॉक्टरने हा प्रकार वर्षानुवर्षं बारकाईने पाहिला आणि १९२७ साली त्वचेतल्या रक्तवाहिन्यांवर एक मोठं पुस्तक लिहिलं. आधी जागच्या जागी रक्तवाहिन्या रुंदावतात, मग मज्जातंतूंमार्फत आजूबाजूला लाली पसरते, मग रक्तातलं पाणी बाहेर झिरपून गांध उठते. या तिन्ही गोष्टी एकामागोमाग घडतात, म्हणजे दुखावलेली कातडी आतून काहीतरी सोडत असली पाहिजे, असं त्याने ताडलं. ते हिस्टामिनसारखं वागतं हे त्याला दिसत होतं, पण माणूस इतका जपून बोलणारा की त्याने त्याला नुसतं ‘एच-पदार्थ’ म्हटलं. त्याच वर्षी बेस्ट, डेल, डडली आणि थॉर्प या चौघांनी ताज्या यकृतातून आणि फुप्फुसातून हिस्टामिन वेगळं काढून दाखवलं. इन्शुलिनच्या शोधातला जो बेस्ट, तोच हा. तोवर अनेकांना वाटे की हा पदार्थ मांस कुजल्यावर तयार होत असावा. आता कळलं की तो जिवंत शरीराचा नेहमीचा रहिवासी आहे. नावातला ‘हिस्टोस’ हा ग्रीक शब्द ऊतीसाठी आहे.

प्रयोगशाळेत हिस्टामिन पहिल्यांदा बनवलं गेलं ते त्याच्याही वीस वर्षं आधी, १९०७ साली. विंडाउस आणि फोग्ट या जर्मन रसायनज्ञांनी ते बनवलं. ते साल बडोदेकरांना वेगळ्या कारणाने ओळखीचं आहे. त्याच साली त्रिभुवनदास गज्जर, कोटिभास्कर आणि भाईलाल अमीन यांनी आपल्या गावात अलेंबिक सुरू केली. हा योगायोगच आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही. पण कलाभवन उभारणाऱ्या, विज्ञानाची पुस्तकं देशी भाषांत आणायची धडपड करणाऱ्या गज्जरांचं नाव आज इथे घ्यावंसं वाटलं. औषधविज्ञानावर मराठीत बोलायला उभं राहायचं, तेही बडोद्यात, तर त्यांना वगळून कसं चालेल?

भाषेचा विषय निघालाच आहे. अंगावर गांधी उठल्या की आपल्या घरात म्हणतात, ‘पित्त उठलं’. आई आमसुलं भिजत घालते, ते पाणी प्यायला देते आणि अंगालाही चोळते. शेजारच्या गुजराती घरात त्याच गांधींना ‘शीळस’ म्हणतात. मी दांडिया बाजारात वाढलो, दोन्ही शब्द कानावर पडत मोठा झालो, आणि बरीच वर्षं मला ते दोन वेगळे आजार वाटत. पुढे माधवनिदान हा जुना वैद्यकग्रंथ चाळताना एक शब्द दिसला: शीतपित्त. जुन्या वैद्यांनी थंडी आणि उष्णता दोन्ही एकाच नावात बांधली होती. मराठीने त्यातलं पित्त उचललं आणि गुजरातीने शीत. एकाच आजाराचं नाव दोन घरांनी अर्धं अर्धं वाटून घेतलं.

हिस्टामिनचं तसंच झालं आहे, आणि कातडीच्या कर्करोगात तर फारच. कुणी म्हणतं ते कर्करोगाला खतपाणी घालतं, कुणी म्हणतं ते कर्करोगाला अटकाव करतं. दोघांच्याही हाती पुरावा आहे, आणि दोघेही खरं बोलत आहेत. हे कसं, ते मला आज उलगडून दाखवायचं आहे.

ज्या बाईंच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होतं, त्यांनी आम्हाला हिस्टामिन पहिल्यांदा ‘दाखवलं’. दाखवलं हाच शब्द बरोबर आहे. गिनीपिगच्या लहान आतड्याचा दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा टायरोड द्रावणात टांगलेला, पाणी ३७ अंशांवर, खालून हवेचे बुडबुडे. तुकड्याच्या वरच्या टोकाला दोरा, दोऱ्याला तरफ, तरफेच्या टोकाला लेखणी, आणि लेखणीसमोर काजळी धरलेला कागद गुंडाळलेलं फिरतं पिंप. ती काजळी धरणं हीच एक कला होती. ज्योत जवळ आली की कागद जळायचा, लांब गेली की करडा राहायचा. मग बाई पिचकारीने हिस्टामिनचा थेंबभर डोस सोडायच्या. डोळ्याला न दिसणाऱ्या त्या औषधाने आतडं आकसायचं आणि काळ्या कागदावर पांढरी रेघ उभी चढायची. पाणी बदललं की आतडं सैल. पुन्हा डोस, पुन्हा रेघ. मग त्या मेपिरामिन घालायच्या, हिस्टामिनला अडवणारं जुनं औषध. त्यानंतर तोच डोस दिला तरी लेखणी जागची हलत नसे.

आम्ही कागद लाखेत बुडवून वाळत घालत असू, तेव्हा बाई विचारायच्या, ‘डोस तोच, पदार्थ तोच, मग आतडं आता गप्प का?’ उत्तर त्यांना आमच्या तोंडून हवं असे. आतड्याचा कान बंद केला म्हणून.

विज्ञानाच्या भाषेत याला रिसेप्टर म्हणतात, पेशीच्या पृष्ठभागावरचे ग्राही रेणू. बाई ‘कान’ म्हणायच्या आणि मीही तेच म्हणणार आहे. अँटीहिस्टामिन औषधांची सुरुवात १९३७ मध्ये डॅनिएल बोव्हे आणि अॅन-मारी श्ताउब यांच्या कामाने झाली. १९५७ मध्ये बोव्हेंना नोबेल मिळालं. पण जठरातलं आम्ल वाढवण्याचं हिस्टामिनचं काम या औषधांना थांबवता येईना. याचा अर्थ जठराचा कान वेगळा होता. १९७२ मध्ये जेम्स ब्लॅक यांनी तो दुसरा कान ओळखून त्याला बंद करणारा रेणू घडवला, आणि पुढे सिमेटिडिन आलं. त्यामुळे पोटाच्या अल्सरच्या किती शस्त्रक्रिया टळल्या, हे इथे बसलेल्या ज्येष्ठ सर्जननी आठवून पाहावं. मग तिसरा कान सापडला, मुख्यतः मेंदूत, आणि २००० सालाच्या सुमारास चौथा, मुख्यतः रक्तातल्या आणि प्रतिकाराच्या पेशींवर. एच-१ ते एच-४ हे चार कान आहेत. हिस्टामिन एकच शब्द उच्चारतं. कुठल्या पेशीच्या कुठल्या कानावर तो पडतो, त्यावरून काय होणार ते ठरतं.

आता हे हिस्टामिन साठवतं कोण? बर्लिनमध्ये नाव कमावलेला पाउल एर्लिख तरुणपणी, १८७० च्या दशकात, कापड रंगवायचे नवे अॅनिलिन रंग ऊतींवर टाकून पाहत होता. त्याला काही पेशी इतक्या कणांनी गच्च भरलेल्या दिसल्या की खाऊन माजलेल्या वाटाव्यात. त्याने त्यांना ‘मास्ट’ पेशी म्हटलं, जर्मनमध्ये जनावर पोसण्याचा तो शब्द. टोल्युइडिन ब्लू टाकलेली स्लाइड मी हजारदा पाहिली असेल, पण तो क्षण अजूनही सुखावतो. सगळीकडे निळं, आणि मध्येच जांभळट कणांनी भरलेली एखादी पेशी, पिकलेल्या तुतीसारखी. निळ्या रंगाचं ते जांभळं होणं त्या कणांमुळेच होतं. त्या कणांत हिस्टामिन असतं, हे रायली आणि वेस्ट यांनी १९५३ मध्ये दाखवलं. तुमच्या हातावरची रेघ याच पेशींनी काढली.

एर्लिखच्या काळातच हेही लक्षात आलं होतं की या पेशी कर्करोगाच्या गाठींच्या काठाकाठाने गोळा होतात. गाठीच्या पोटात कमी आणि बांधावर जास्त. त्या तिथे कशासाठी येतात? बांध घालायला की बांध फोडायला? एकशेचाळीस वर्षं हा प्रश्न विचारला जातो आहे.

हा प्रश्न आपल्या घरातल्या कमरेपासून सुरू करू. माझी आत्या आयुष्यभर नऊवारी नेसली. दुपारी ती आडवी झाली की कमरेवर बोटभर रुंदीचा काळपट पट्टा दिसे, गाठीच्या जागी जरा जाड, चामड्यासारखा. तिला तिथे खाज यायची, विशेषतः घामाच्या दिवसांत. ती खोबरेल लावायची आणि पुन्हा त्याच जागी, तितकीच घट्ट गाठ मारायची. सैल नेसलं तर काम कसं उरकणार? आत्याला पुढे काही झालं नाही. पण १९४५ मध्ये वसंत रामजी खानोलकर आणि बी. सूर्याबाई यांनी मुंबईहून एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात आपल्या लोकांच्या सवयींशी जोडलेले तीन कर्करोग होते: जळतं टोक तोंडात धरून ओढायच्या चुट्ट्याने टाळूला होणारा, खैनीने खालच्या ओठाला होणारा, आणि धोतराच्या घट्ट गाठीने कमरेला होणारा. टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये उघडलं तेव्हापासून तिथल्या प्रयोगशाळांची धुरा खानोलकरांकडे होती. आपल्याकडच्या विकृतिशास्त्राचा पाया त्यांनी घातला. परदेशी पुस्तकात नसलेला आजार रुग्णाच्या कमरेवर पाहायचा, त्याला नाव द्यायचं आणि जगाला सांगायचं, हे धाडस त्या काळात साधं नव्हतं.

तो आजार गेलेला नाही. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये वर्धा आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी दोन स्त्रियांची हकीकत ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या रुग्णवृत्तांत-नियतकालिकात मांडली. एक सत्तरीची, परकराची नाडी घट्ट बांधणारी. उजव्या कुशीवर दीड वर्ष न भरणारी जखम. दुसरी साठी ओलांडलेली, चाळीस वर्षं रोज लुगडं नेसणारी, आत परकर न घालता कमरेला घट्ट बांधणारी. तिची जखम दोन वर्षं भरत नव्हती, आणि तपासणीत जांघेतल्या एका लसिका-गाठीत कर्करोग पोचलेला निघाला. दोघींनाही त्वचेच्या स्क्वेमस पेशींचा कर्करोग होता. जुन्या व्रणात, भाजल्याच्या डागात किंवा वर्षानुवर्षं घासल्या जाणाऱ्या कातडीत उगवतो तो. डॉक्टर त्याला मार्जोलिनचा अल्सर म्हणतात.

आता इथे हिस्टामिन कुठून आलं? नाडीने कर्करोग होतो तो हिस्टामिनमुळेच, असं मी म्हणत नाही. पण स्वीडनमधल्या लुंड इथल्या गेऑर्ग कालसन यांनी १९६० च्या सुमारास एक गोष्ट दाखवली, ती मला या कमरेच्या जखमांपाशी नेहमी आठवते. हिस्टिडिन नावाच्या आहारातल्या अमिनो आम्लापासून हिस्टामिन बनवणारं एक विकर असतं, हिस्टिडिन डिकार्बोक्झिलेज. जिथे पेशी भराभर वाढत असतात, तिथे या विकराचं काम जोरात चालतं: वाढत्या गर्भात, भरत येणाऱ्या जखमेत आणि काही गाठींतही. हे हिस्टामिन मास्ट पेशींच्या पोत्यात साठत नाही. ते बनतं आणि लगेच वापरलं जातं. जखमेला नव्या रक्तवाहिन्या हव्या असतात, पेशींना वाढायचा इशारा हवा असतो, आणि त्यात हिस्टामिनचा हात असतो. जखम भरली की हे काम थांबायला हवं. पण जी जखम रोज सकाळी नव्याने घासली जाते तिचं काम थांबणार कधी? बॉस्टनच्या हॅरल्ड ड्वोराक यांनी १९८६ मध्ये कर्करोगाच्या गाठीला ‘न भरणारी जखम’ म्हटलं. वर्ध्याच्या नोंदी वाचताना मला ते शब्दशः खरं वाटलं.

खाजेबद्दलही एक सांगायचं आहे. अमेरिकेत २६८ रुग्णांच्या त्वचेच्या कर्करोगांची पाहणी झाली, तेव्हा एक तृतीयांशाहून जास्त जागांवर खाज होती, आणि स्क्वेमस प्रकारात ती सगळ्यात जास्त. ही सगळी खाज हिस्टामिनची नसते. खाजकुइलीची खाज आठवा, तिचा रस्ताच वेगळा आहे, आणि अँटीहिस्टामिनची गोळी घेऊन ती फारशी शमत नाही. म्हणून एखाद्या डागाची, व्रणाची खाज महिनोन्महिने जात नसेल तर गोळ्या बदलत बसू नका. तो व्रण डॉक्टरच्या डोळ्यांखालून गेलाच पाहिजे. दोन-दोन वर्षं वाट पाहिलेल्या जखमा आणि त्यांच्या मागे उभे असलेले ओशाळे नातेवाईक मी फार पाहिले आहेत.

आता उन्हाकडे वळू. हिस्टिडिनला कातडीत दोन वाटा आहेत. एका वाटेने त्याचं हिस्टामिन होतं, हे आपण पाहिलं. दुसऱ्या वाटेने, कातडीच्या अगदी वरच्या मेलेल्या थरात, त्याचं युरोकॅनिक आम्ल होतं. ऊन पडलं की या आम्लाचा रेणू वळतो, त्याचा आकारच बदलतो. १९८३ मध्ये एडवर्ड डी फाबो आणि फ्रान्सिस नूनन यांनी मांडलं की हा वळलेला रेणूच प्रतिकारशक्तीला झोपेचा इशारा देतो. ऑस्ट्रेलियात प्रू हार्ट यांच्या गटाने त्याचा पुढचा दुवा शोधला: हा इशारा कातडीतल्या मास्ट पेशी ऐकतात, आणि हिस्टामिन सोडतात. ज्या उंदरांना मास्ट पेशीच नाहीत त्यांची प्रतिकारशक्ती उन्हाने दबत नाही. त्यांच्या कातडीत मास्ट पेशी सोडल्या की दबू लागते. मग त्यांनी बेसल-पेशी कर्करोग झालेल्या माणसांची कातडी तपासली, तीही जिथे ऊन कधी पोचत नाही अशा, बसायच्या जागेची. तिथेही मास्ट पेशींची दाटी इतरांपेक्षा जास्त निघाली. याचा अर्थ उन्हात जाण्याआधीच काही माणसांच्या कातडीत हा झोपेचा साठा जास्त असतो.

इथपर्यंत ऐकलं तर हिस्टामिन गुन्हेगारच वाटेल. जरा थांबा.

पेशींना काचेच्या बाटलीत वाढवून एकेकट्याने प्रश्न विचारता येतात, आणि या विद्येत आपल्या मराठी माणसांचा वाटा आहे. पुण्याच्या कमल समर्थ, लग्नानंतरच्या कमल रणदिवे, खानोलकरांच्या हाताखाली घडल्या. बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत जाऊन आल्या. हीला या कर्करोग-पेशींची जगप्रसिद्ध वाढ त्याच गाय यांनी केली होती. परत येऊन त्यांनी मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. या विद्येला किती जपावं लागतं ते मला ठाऊक आहे. गुलाबी द्रावण पिवळं पडायला लागलं की पेशी उपाशी आहेत, गढूळ झालं की जंतू शिरले, आणि महिनाभराची मेहनत एका रात्रीत ओतून द्यायची.

बुडापेस्टच्या आंद्राश फालुश यांच्या गटाने २००० साली अशाच मेलॅनोमा पेशी तपासल्या. मेलॅनोमा म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग, सगळ्यांत घातक. त्यांना दिसलं की या पेशी हिस्टामिन बनवणारं विकर स्वतःच बाळगून आहेत, साध्या तिळापेक्षा कितीतरी जास्त. त्यांना मास्ट पेशींच्या दारात जावं लागत नाही, घरचा पुरवठा आहे. ते विकर बंद पाडणारे न्यूक्लिइक आम्लाचे आखूड तुकडे सोडले तर पेशींची वाढ मंदावली. एच-२ कानावर हिस्टामिन पडलं की वाढीला चालना मिळत होती. आणि एच-१ कानावर पडलं की तीच पेशी मंदावत होती. पुढे ब्युनोस आयरिसमध्ये व्हानिना मेदिना यांच्या गटाने चौथ्या कानाला हाक मारून पाहिली. एच-४ जागा केला की मेलॅनोमाच्या पेशी विभागणं सोडून म्हाताऱ्या होऊ लागल्या.

बाईंचा प्रश्न मला इथे पुन्हा ऐकू येतो. पदार्थ तोच, पेशीही तीच, फरक फक्त कानाचा. म्हणून ‘हिस्टामिन कर्करोग वाढवतं का?’ या प्रश्नाला हो म्हणणाराही चूक आणि नाही म्हणणाराही चूक, कारण प्रश्नच अर्धा आहे, पित्त आणि शीळससारखा.

बाटलीतून शरीरात गेलं की गुंता आणखी वाढतो, कारण गाठीभोवती प्रतिकाराच्या पेशींचा गराडा असतो आणि त्यांनाही कान असतात. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात टिमथी वँग यांच्या गटाने हिस्टामिन बनवताच न येणारे उंदीर घेतले. त्यांच्या कातडीवर कर्करोगकारक रसायनं लावली. हिस्टामिन गुन्हेगार असतं तर या उंदरांना कर्करोग कमी व्हायला हवा होता. झाला उलट: त्यांच्यात कातडीच्या गाठी जास्त आल्या, आतड्याच्याही. २०११ मध्ये त्यांनी कारण मांडलं. अस्थिमज्जेतून निघणाऱ्या काही पांढऱ्या पेशींना पुरतं वाढायला हिस्टामिन लागतं. ते मिळालं नाही की त्या अर्धकच्च्याच रक्तात येतात आणि गाठीभोवती जमून प्रतिकाराच्या पेशींना अडवतात.

याच धाग्यावर गोथेनबर्गच्या क्रिस्टोफर हेल्स्ट्रांड यांनी त्याआधीच उपचार उभा केला होता. काही पांढऱ्या पेशी ऑक्सिजनची जहाल रूपं सोडतात आणि कर्करोग मारायला आलेल्या पेशीच त्यात मरतात. त्या पांढऱ्या पेशींचा एच-२ कान जागा केला तर हा मारा थांबतो. म्हणून कर्करोगाच्या रुग्णाला चक्क हिस्टामिन टोचायचं, प्रतिकाराच्या पेशींना चेतवणाऱ्या इंटरल्युकिन-२ सोबत. पसरलेल्या मेलॅनोमाच्या ३०५ रुग्णांवर चाचणी झाली. ज्यांच्या यकृतात रोग पोचला होता त्यांच्यात फायदा दिसला, आणि आशा फार वाढली. पुढच्या मोठ्या चाचणीत मेलॅनोमात तो फायदा टिकला नाही. मला ते वाचून वाईट वाटलं होतं. अर्थात कल्पना वाया गेली नाही. एका जातीच्या रक्ताच्या कर्करोगात, रोग हटल्यावर तो परतू नये म्हणून, युरोपने २००८ मध्ये हाच उपचार मान्य केला.

आणि मग २०२२ मध्ये ह्यूस्टनहून नेमकी उलट बातमी आली. तिथे दिहुआ यू यांच्या गटाने दाखवलं की गाठीतलं हिस्टामिन भक्षक पेशींच्या एच-१ कानावर पडलं की त्या पेशी कर्करोग मारणाऱ्या टी-पेशींना ढिल्या पाडतात, आणि मेलॅनोमावर आज जी मोठी औषधं आहेत, प्रतिकारशक्तीचे ब्रेक सोडणारी, ती बोथट होतात. उंदरांना फेक्सोफेनाडिन दिलं तर औषधं पुन्हा धरू लागली. ॲलर्जीसाठी आपण घेतो तीच साधी गोळी. या औषधांवर असलेल्या माणसांच्या नोंदी पाहिल्या तर ज्यांनी दुसऱ्या कारणाने अँटीहिस्टामिन घेतलं होतं ते जास्त जगले. लुंडमध्ये दोन वर्षं आधी देशाच्या नोंदवह्यांतून मेलॅनोमाच्या रुग्णांबद्दल असंच निघालं होतं, पण सगळ्या अँटीहिस्टामिनना ते जमलं नव्हतं, डेसलोराटाडिन आणि लोराटाडिनचीच नावं पुढे होती.

गोथेनबर्गने एच-२ जागा केला, ह्यूस्टनने एच-१ झोपवला. ऐकायला भांडण वाटतं, पण आतड्याच्या त्या तुकड्यापुढे उभं राहिलेल्याला यात भांडण दिसणार नाही.

इथे मला स्पष्ट बोललं पाहिजे, कारण सभागृहात कर्करोगातून गेलेली आणि सध्या उपचार घेणारी माणसं आहेत. या बातमीवरून ॲलर्जीची गोळी आपल्या मनाने सुरू करू नका. नोंदवहीतून निघालेला संबंध म्हणजे औषधाचा गुण नव्हे. ॲलर्जी असणाऱ्यांची प्रतिकारशक्तीच वेगळी असू शकते. जो माणूस सर्दीसाठीही डॉक्टरकडे जातो तो डागासाठीही लवकर जातो. हे सगळं वजा करून काय उरतं ते चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचण्याच सांगतील. मात्र तुम्ही आधीच ॲलर्जीची गोळी घेत असाल तर ती तुमच्या कर्करोगतज्ज्ञाला सांगा. अशा गोळ्या केसपेपरवर चढतच नाहीत, कारण रुग्णाला वाटतं, हे काय औषध आहे?

यातलं जवळजवळ सगळं काम गोऱ्या कातडीवर, उन्हाने होणाऱ्या मेलॅनोमावर झालं आहे. आपल्याकडे मेलॅनोमा मुळात कमी आणि होतो तो बहुतेक तळपायाला, तळहाताला, नखाखाली, जिथे उन्हाचा संबंध नाही. अनवाणी चालणारा शेतकरी त्याला काट्याचा डाग समजतो. नखाखालची काळी रेघ दार लागल्याची खूण समजली जाते. आणि कमरेचा कर्करोग तर आपलाच, खानोलकरांनी नाव दिलेला. या दोन्हीत मास्ट पेशी काठावर किती आहेत, कर्करोगाच्या पेशींना कुठले कान आहेत, हे विचारायला नवी इमारत लागत नाही. विकृतिशास्त्र विभागांच्या कपाटांत मेणात बुडवलेले ऊतीचे ठोकळे वर्षानुवर्षं लेबलं लावून ठेवलेले असतात, पुष्कळदा कमरेचे आणि तळपायाचेही. त्यातून चार मायक्रॉन जाडीची चकती कापायची, टोल्युइडिन ब्लूमध्ये टाकायची आणि मोजत बसायचं. एका विद्यार्थिनीने यंदा असं काम सुरू केलं आहे. गेल्या आठवड्यात तिने मला बोलावून सूक्ष्मदर्शकातून पाहायला सांगितलं. कमरेच्या एका जुन्या व्रणाची कड होती. निळ्यात जांभळ्या पेशी रांगेने बसल्या होत्या. मी विचारलं, ‘किती?’ ती म्हणाली, ‘सर, अजून तिसऱ्यांदा मोजायचं आहे, मग सांगते.’ बाईंनी तिला जवळ घेतलं असतं.

आता हाताकडे पाहा. बहुतेकांची रेघ केव्हाच विरली असेल. ज्यांची फुगून वर आली होती, त्यांचीही आता उतरत आली असेल. शंभरात दोन-चार जणांची कातडी अशी लिहिलेलं धरून ठेवणारी असते, त्यात काळजीचं काही नाही. पण ज्यांच्या हातावर अजून ती जशीच्या तशी आहे, त्यांनी चहाच्या वेळी मला भेटा. मला पाहायची आहे.